गोळीमागची नावं

21 मार्च, सांगली

मंडळाच्या चिटणीसांचा फोन आला. 11 एप्रिलला, जागतिक पार्किन्सन्स दिनाच्या मेळाव्यात मी वीस मिनिटं बोलायचं. विषय त्यांनीच ठरवलाय: आपल्या आजारावर काम करणाऱ्या संशोधकांचा गौरव. "ताई, दरवर्षी व्यायाम, आहार आणि सकारात्मक विचार होतातच. ज्यांच्यामुळे आपली माणसं उठून चालतात, त्यांची नावं एकदा तरी लोकांच्या कानावर पडू देत." शाळेत रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला औषधांतलं सगळं कळतं, असा लोकांचा समज असतो. हो म्हणून बसले.

ह्यांच्या गोळ्यांची पट्टी आज नीट वाचली. लेव्होडोपा 100 मिलिग्रॅम, कार्बिडोपा 25 मिलिग्रॅम. बॅच नंबर, मुदत, किंमत, कंपनीचा पत्ता. दिवसातून चार वेळा ही गोळी ह्यांच्या पोटात जाते आणि ही कोणी शोधली, असा प्रश्न आम्हा दोघांना कधी पडलेला नाही. आमची चौकशी औषधाच्या दुकानात ती शिल्लक आहे का, एवढ्यापुरतीच.

24 मार्च

सुरुवात जेम्स पार्किन्सनपासून. 11 एप्रिल हा त्याचा जन्मदिवस, साल 1755. लंडनच्या हॉक्स्टन भागातला हा वैद्य. 1817 मध्ये त्याने कंपवातावर एक छोटा निबंध छापला. त्यात रुग्ण सहा, आणि त्यातही सगळे तपासलेले नाहीत. दोघं त्याला रस्त्यात भेटले, एकाला तर त्याने नुसतं लांबून पाहिलं. तरी वर्णन असं, की आजचा डॉक्टरही त्यात फारसं खोडणार नाही. हात स्थिर असताना येणारा कंप, पुढे झुकलेलं अंग, चालता चालता मध्येच पळायला लागणारे पाय. आजाराला त्याचं नाव मिळालं ते त्याच्या मृत्यूनंतर, पॅरिसच्या शार्को यांच्या आग्रहावरून.

हे ऐकत होते. म्हणाले, "रस्त्यावर बघून? मग माझं निदान आपल्या इस्त्रीवाल्याने केलं म्हणायचं." खरंच आहे. 'काका, चालताना तुमचा उजवा हात हलत नाही' हे त्यानेच सांगितलं होतं. आम्ही खांद्याचं दुखणं म्हणून शेक देत होतो.

27 मार्च

बाजारात हळदीच्या सौद्यांची गर्दी आहे, रस्ताभर पिवळी धूळ. नात सुट्टीला आली आहे. वैद्यकीयच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आजीला शिकवायला मिळतंय म्हणून खूश आहे. तिने मागच्या शतकातले निबंध शोधून दिले.

गोळीची वंशावळ माझ्या अंदाजापेक्षा जुनी निघाली. काझिमिर फुंकने 1911 मध्ये डोपा हे द्रव्य प्रयोगशाळेत बनवलं. 1913 मध्ये मार्कुस गुगेनहाइमने ते एका घेवड्यासारख्या शेंगेच्या दाण्यांतून वेगळं काढलं आणि अडीच ग्रॅम स्वतःच खाऊन पाहिलं. उलट्या झाल्या. आमच्या मंडळातल्या प्रत्येक शुभार्थीला (रुग्णाला आम्ही हेच म्हणतो) सुरुवातीच्या दिवसांतली ती मळमळ ओळखीची आहे. कार्बिडोपा गोळीत घातलेलं असतं ते तिच्यासाठीच: मेंदूबाहेरच डोपाचं रूपांतर होऊन जाऊ नये, आणि थोड्या डोपात काम भागावं.

1937 मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी हेच द्रव्य खाजकुहिलीच्या बियांतून काढलं. कोकणात ज्या शेंगेला हात लावला म्हणून आमच्या लहानपणी पोरं रात्रभर अंग खाजवत, तिच्या पोटात हे! पण तेव्हा ते कशाला उपयोगी पडेल, याची कोणालाच कल्पना नव्हती. डोपापासून बनणारं डोपामिन म्हणजे अॅड्रेनॅलिन बनण्याच्या वाटेवरची एक पायरी, एवढीच त्याची प्रतिष्ठा.

ती बदलली 1957 मध्ये. इंग्लंडमधल्या रनवेल रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत कॅथलीन मॉन्टॅग्यूने मेंदूत डोपामिन असल्याचं दाखवलं. त्याच वर्षी स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन, मार्गिट लिंडक्विस्ट आणि टोर मॅग्नुसन यांनी रेसर्पिन देऊन निपचित केलेल्या सशांना डोपा टोचलं आणि ससे थोड्याच वेळात कान टवकारून उठले.

रेसर्पिन म्हणजे आपल्या सर्पगंधेच्या मुळातलं द्रव्य. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे जगासमोर ठेवणारा निबंध 1949 मध्ये लिहिला मुंबईच्या केईएममधल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी, आणि त्यांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला तोही 1957 मध्येच. वकिलांना मेंदूशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांचं लक्ष हृदयावर. पण त्यांच्या मुळीने रेसर्पिनला जगभर नेलं आणि त्या रेसर्पिनने कार्लसनचे ससे झोपवले. पुरस्कार देताना समितीतल्या कोणाच्या हे स्वप्नातही नसेल.

30 मार्च

आजचं पान ओलेह हॉर्निकिएविच यांचं.

लव्हिव्हजवळ 1926 मध्ये जन्म, लहानपणीच कुटुंब व्हिएन्नाला आलं. तिथल्या विद्यापीठात औषधशास्त्र विभागात काम. कार्लसनचे ससे वाचून त्यांना वाटलं, की थेट माणसाचा मेंदूच तपासावा. रुग्णालयातल्या शवविच्छेदनातून मेंदू मिळवायचे, कॉडेट आणि प्युटामेन नावाचे खोलवरचे भाग कापून काढायचे, त्यांचा अर्क काढून रासायनिक चाचणी लावायची. सोबतीला हर्बर्ट एरिंगर हा तरुण डॉक्टर. नमुन्यात डोपामिन असेल तर गुलाबी रंग येणार. निरोगी मेंदूंच्या नळ्या गुलाबी झाल्या. पार्किन्सन्सच्या नळ्यांना जेमतेम रंग चढला. यंत्रात घालून मोजण्याआधीच उघड्या डोळ्यांना दिसत होतं. एका मेंदूरोगात नेमकं कोणतं रसायन कमी पडतं, हे इतक्या लख्ख प्रथमच कळलं. पार्किन्सन्सचे मेंदू होते सहा. निबंध 1960 मध्ये जर्मनमध्ये छापून आला.

वर्गात मीही असा रंग हजारदा दाखवला असेल. फेनॉल्फथॅलिनचा एक थेंब, आणि मुलं 'आली, गुलाबी आली' म्हणून ओरडायची. नळीतला रंग *न* येणं हा एवढा मोठा शोध असू शकतो, हे मुलांना सांगायला हवं होतं.

पुढचं पाऊल 1961 मध्ये. हॉर्निकिएविच यांच्या सूचनेवरून लाइन्झच्या वृद्धांच्या रुग्णालयात वॉल्टर बिर्कमायर यांनी रुग्णांना लेव्होडोपा शिरेतून दिलं. ज्यांना कुशीवर वळता येत नव्हतं ते उठून बसले, बसून असणारे उभे राहिले, उभे राहणारे चालले. परिणाम काही तासांचा. औषध उतरलं की माणूस पुन्हा जागच्या जागी. हे 'उतरणं' आमच्या घरात रोज दुपारी पावणेतीनला असतं.

2 एप्रिल

आज नातीशी जुंपली.

2000 साली वैद्यकाचं नोबेल कार्लसन, पॉल ग्रीनगार्ड आणि एरिक कँडेल यांना मिळालं. हॉर्निकिएविच यांचं नाव नाही. 200 हून अधिक मेंदूशास्त्रज्ञांनी नोबेल समितीला उघड पत्र लिहून नाराजी कळवली. मी म्हटलं, "ज्याने माणसाच्या मेंदूत रोगाचं कारण दाखवलं आणि औषध सुचवलं, तोच बाहेर? सशांवर थांबलेला आत?"

ती म्हणाली, "आजी, तो पुरस्कार पार्किन्सन्ससाठी नव्हताच. मज्जासंस्थेत पेशी एकमेकींना निरोप कशा देतात, यासाठी होता. ग्रीनगार्डने तो निरोप पेशीच्या आत काय करतो ते दाखवलं, कँडेलने त्यातून स्मरण कसं घडतं ते. डोपामिन हा स्वतंत्र निरोप्या आहे, हे कार्लसनचं. आणि नियमाने तिघांच्या वर देता येत नाही."

"मग नियम बदला."

"किती करायचे? चार? मग पाचवा म्हणून बिर्कमायर. सहावी तुझी ती मॉन्टॅग्यू."

मला लगेच उत्तर सुचलं नाही. हे मध्येच म्हणाले, "मला कोणाचंही चालेल, गोळी वेळेवर द्या." साडेतीन झाले होते.

रात्री पुन्हा वाचताना लक्षात आलं की वैद्यकातले इतर सन्मान इतके कंजूष नव्हते. इस्रायलच्या वुल्फ पुरस्काराने 1979 मध्येच कार्लसन आणि हॉर्निकिएविच या दोघांनाही एकत्र गौरवलं होतं. आणि लास्कर पुरस्काराने 1969 मध्ये आणखी वेगळ्या माणसाला निवडलं: जॉर्ज कोत्झियास. क्रीट बेटावर जन्मलेला, अमेरिकेत ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत काम करणारा. व्हिएन्नाच्या प्रयोगानंतर बऱ्याच डॉक्टरांनी डोपा देऊन पाहिलं होतं. कोणाला गुण आला, कोणाला नुसत्या उलट्या झाल्या, आणि हा सगळा भ्रम आहे असंही काहींनी म्हटलं. कोत्झियासने 1967 मध्ये दाखवलं की तोंडावाटे, अगदी थोड्यापासून सुरू करून, आठवड्यांमागून आठवडे मात्रा वाढवत नेली, तर शरीर सोसतं आणि गुण टिकतो. काही रुग्णांची मात्रा दिवसाला 16 ग्रॅमपर्यंत गेली होती. नवीन रेणू नाही, नवीन सिद्धांत नाही. फक्त धीर, आणि रोज रुग्णाच्या खाटेशी उभं राहून काढलेलं गणित.

रुग्णालयाच्या खाटेशी होणाऱ्या मेंदूशास्त्रात श्रेय असं पसरलेलं असतं. कोणीतरी द्रव्य शोधतं, कोणी त्याची जागा, कोणी त्याचा अभाव, कोणी मात्रा. यातली एक जरी कडी नसती, तर ह्यांना आज सकाळी स्वतःच्या हाताने दाढी करता आली नसती. दाढीला अर्धा तास लागला, गालावर एक ओरखडाही आला, पण केली स्वतः.

5 एप्रिल

मिरजेच्या एका शुभार्थींकडे जाऊन आले. चार वर्षांपूर्वी मुंबईत त्यांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवले. छातीत कातडीखाली बॅटरी. आमच्या मंडळात सगळे तिला पेसमेकर म्हणतात. त्यांनी माझ्यासमोर चहाचा कप बशीसकट उचलून दाखवला. वहिनी म्हणाल्या, "पाहुणे आले की हा कार्यक्रम असतोच."

यामागची गोष्ट एका दुर्घटनेपासून सुरू होते. 1982 मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण नशेबाज अचानक पुतळ्यासारखे थिजले. विल्यम लँगस्टन या मेंदूतज्ज्ञाने आणि सहकाऱ्यांनी छडा लावला. घरगुती बनवलेल्या नशेच्या पुडीत एमपीटीपी नावाचं द्रव्य शिरलं होतं आणि त्याने मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशीच मारल्या होत्या. ते विष वापरून माकडांत हा आजार निर्माण करता येऊ लागला. 1990 मध्ये हगाई बर्गमन, थॉमस विचमन आणि मॅलन डिलाँग यांनी अशा माकडांच्या मेंदूतलं सबथॅलॅमिक न्यूक्लियस हे छोटं केंद्र निकामी केलं, आणि थिजलेली माकडं हलू लागली.

तिकडे फ्रान्समध्ये ग्रेनोबलला अलीम-लुई बेनाबिद हे न्यूरोसर्जन कंपासाठी मेंदूचा एक ठिपका जाळण्याआधी तिथे विजेचा हलका झटका देऊन जागा तपासत. 1987 मध्ये त्यांना दिसलं की झटक्यांचा वेग सेकंदाला शंभराच्या पुढे नेला की न जाळताच कंप थांबतो. मग जाळायचंच कशाला? पुढे हीच युक्ती डिलाँगने दाखवलेल्या केंद्रावर वापरली गेली. 2014 चा लास्कर पुरस्कार डिलाँग आणि बेनाबिद दोघांत वाटला गेला. बेनाबिद यांच्याबरोबर सुरुवातीपासून असलेले मेंदूतज्ज्ञ पियेर पोलाक त्यात नव्हते. कॅलिफोर्नियातले ते तरुण अर्थातच नव्हते. त्यांनी काही शोधलं नव्हतं, त्यांच्यावर फक्त ओढवलं. पण त्यांच्याविना हा रस्ता किती वर्षं लांबला असता?

7 एप्रिल

भाषणात आपली माणसं हवीत. नावं द्यायची म्हणून देणार नाही, कामच तसं आहे.

मुंबईत डॉ. नादिर भरूचा आणि सहकाऱ्यांनी पारशी वसाहतींत घरोघरी जाऊन 14,010 माणसं तपासली. त्यात पार्किन्सन्सचे 46. लाखामागे 328, म्हणजे तेव्हा जगात कुठेही नोंदलेल्या मोठ्या आकड्यांपैकी एक. निबंध 1988 चा. घराघराचं दार वाजवायचं, म्हाताऱ्यांना चालून दाखवायला सांगायचं, चहाला नाही म्हणायचं आणि पुढच्या दाराशी जायचं. असल्या कामाला टाळ्या पडत नाहीत.

बंगळुरूच्या निम्हान्समध्ये उदय मुथाने, टी. सी. यशा आणि एस. के. शंकर यांनी 1998 मध्ये भारतीय मेंदू मोजले. डोपामिन बनवणाऱ्या गडद रंगाच्या पेशी मुळातच कमी आढळल्या, पण वयाबरोबर त्या घटताना दिसल्या नाहीत. पुस्तकातला मेंदू परदेशातला असतो, आपला वेगळा असू शकतो, हे मोजल्याशिवाय कळणार कसं? आणि मोजायला मेंदू दिले ते इथल्याच कुटुंबांनी, घरातलं माणूस गेल्या दिवशी.

डॉ. नोशीर वाडिया यांचं काम पार्किन्सन्सचं नाही, पण त्यांना वगळणार नाही. 1957 मध्ये लंडनहून परतून त्यांनी जे. जे. रुग्णालयात मेंदूविकार विभाग उभा केला. 1971 मध्ये आर. के. स्वामी यांच्यासह नऊ कुटुंबांतला एक आनुवंशिक विकार त्यांनी जगाला दाखवला: तोल जातो आणि नजर एका जागेवरून दुसरीकडे फार सावकाश सरकते. डोळ्यांची ती मंद हालचाल ही खूण त्यांनी नुसतं समोर बसून, बोट इकडून तिकडे नेऊन ओळखली. त्या विकाराचा जनुक सापडायला पुढे जवळजवळ पाव शतक गेलं. 2012 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. त्या नऊ कुटुंबांची नावं निबंधात नाहीत, नसायलाच हवीत. वैद्यकाचा तो शिरस्ता आहे.

इथे पेन थांबलं. जेम्स पार्किन्सनचे सहा, व्हिएन्नाचे सहा, मुंबईचे 46 आणि नऊ घरं. संशोधकाच्या नावापुढे पदक येतं आणि यांच्या नावापुढे क्रमांक. गुप्तता पाळायचीच, तर यांचं ऋण मान्य करायची रीत कोणती?

ह्यांच्या मेंदूतज्ज्ञांनी गेल्या महिन्यात विचारलं होतं, एका जनुकीय अभ्यासासाठी रक्त द्याल का म्हणून. संमतीपत्र टीव्हीखालच्या खणात पडून आहे. आम्हाला त्याचा काय फायदा, असं मी तेव्हा विचारलं होतं. "तुम्हाला काही नाही," डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं.

9 एप्रिल

भाषण घड्याळ लावून वाचलं. पस्तीस मिनिटं. वीसमध्ये बसवायचं तर माणसं गाळणं आलं.

गाळायला बसले. फुंक गेले. मेंदूत डोपामिन कुठे साठतं हे 1959 मध्ये दाखवणारे लुंडचे बर्टलर आणि रोझेनग्रेन गेले, त्याच वर्षी माणसाच्या मेंदूत तेच करणारे ओसाकाचे इसामु सानो गेले. मॉन्ट्रियलमध्ये तोंडावाटे डोपा देणारे बार्बो गेले. एकेक नाव खोडताना कारण चोख होतं: हे नसलं तरी गोष्ट पुढे जाते. नोबेल समितीकडेही अशीच चोख कारणं असणार. नातीने वही पाहिली आणि काही बोलली नाही, नुसती हसली.

मॉन्टॅग्यू ठेवली. एका वाक्यात बसते.

11 एप्रिल

मेळावा झाला. सव्वाशेक माणसं, निम्मी काठीची, निम्मी काठी धरणाऱ्यांना धरणारी. सुरुवातीला व्यायाम, मग मी.

खाजकुहिलीला हशा आला. गुलाबी न झालेल्या नळीच्या वेळी सभागृह चांगलंच शांत झालं. नंतर प्रश्न. एसटीतून निवृत्त झालेल्या एका ड्रायव्हरकाकांनी हात वर केला. हात हलत होता, त्यामुळे लगेच दिसला. म्हणाले, "बाई, एवढी मोठी माणसं सांगितली, बरं वाटलं. पण मी उद्या सकाळी त्यांच्यासाठी काय करू? हार घालायला ती इथं नाहीत."

समोर शाल-श्रीफळाची तबकं मांडलेली होती, आमच्या गावच्या दोन डॉक्टरांसाठी. मी म्हटलं, "काका, यातल्या प्रत्येकाला एकच गोष्ट कमी पडत होती: तपासू देणारी माणसं. कोणाला मेंदू हवे होते, कोणाला मात्रा सोसणारे रुग्ण, कोणाला फक्त दार उघडणारे. आपल्याला कोणी विचारलं, तर दार उघडायचं. आणि आधी सगळे प्रश्न विचारून घ्यायचे: रक्ताचं काय होणार, नाव कुठे जाणार, मध्येच नको वाटलं तर बाहेर पडता येईल का. सत्कार याहून मोठा नाही."

ते म्हणाले, "मला कोणी विचारलंच नाही अजून."

सत्काराला उत्तर देताना एका डॉक्टरांनी शाल खांद्यावरून काढली आणि ड्रायव्हरकाकांकडे बघत सांगितलं, की आमच्याकडे एक अभ्यास चालू आहे, जेवण झाल्यावर भेटा. चिटणीसांनी माइक घेऊन नावनोंदणीचं टेबल भोजनकक्षाच्या दाराशी लावलं. जिलबीच्या रांगेतून दहा-बारा जण तिकडे वळले. काही नुसते प्रश्न विचारून परतले. तेही योग्यच.

12 एप्रिल

खणातलं संमतीपत्र काढून मोठ्याने वाचलं. चार पानं, मराठीत, वाक्यं जरा लांब. ह्यांनी तीन प्रश्न काढले, ते मी मागच्या बाजूला लिहून ठेवले: आपल्याला निकाल कळवणार का, मुलांना काही सांगावं लागेल का, आणि नमुना किती वर्षं ठेवणार. उत्तरं पटली तर सही करणार म्हणाले. मुलाला फोन करून कल्पना दिली. त्याच्याही जनुकांचा प्रश्न आहे, त्याला विचारायलाच हवं. त्याने दोन दिवस मागून घेतले.

गुरुवारी सकाळी दहाची वेळ मिळाली आहे. सातची गोळी घेऊन निघायचं, म्हणजे चालताना 'ऑन' असतील, गोळी उतरलेली नसेल. प्रश्नांचा कागद पिशवीत ठेवला.